‘मी तुझी युनो’ असं ती म्हणते

*ताई, मी २१ वर्षांचा आहे. मूळचा साताऱ्याचा, पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. जपानीच्या क्लासमध्ये एक मुलगी भेटली. दोघांनाही ॲनिमेचं, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकांचं वेड, त्यातूनच जमलं. सुरुवातीला मीच तिला गमतीत ‘यांदेरे’ (प्रेमात वेडी होऊन कुठल्याही थराला जाणारी ॲनिमेतली मुलगी) म्हणायचो आणि ती ‘मी तुझी युनो’ म्हणायची, ‘मिराई निक्की’मधली तसलीच नायिका. भारी वाटायचं. फर्स्ट इयरपासून मी एकटाच असायचो, हिच्यामुळे कोणीतरी आपलं आहे असं वाटलं. आता माझं लाइव्ह लोकेशन चोवीस तास तिच्याकडे चालू असतं, फोनचा पासवर्ड तिच्याकडे आहे. प्रोजेक्टमधल्या एका मुलीला तिने माझ्याच फोनवरून ब्लॉक केलं. रोज रात्री एक जपानी गाणं पाठवते, सगळी ‘माझा नाहीस तर कुणाचाच नाहीस’ छापाची. मागच्या महिन्यात लोकेशन बंद केलं तर म्हणाली, सोडून गेलास तर मी स्वतःचं काहीतरी करून घेईन. तिची मोठी बहीण पुण्यातच असते, तिला यातलं काही माहीत नाही. मित्र हसतात, म्हणतात एवढी वेडी पोरगी मिळायला नशीब लागतं. हे सगळं ॲनिमेमुळे झालंय का? तिला बघणं बंद करायला सांगू? की मीच उगाच बाऊ करतोय? आणि मी स्वतः पुढे असलं काही बघावं का? – युकी (हे नाव तिने ठेवलंय)*

मित्रा,

सहीच्या जागी तिने ठेवलेलं नाव लिहिलं आहेस, ते मी वापरत नाही. तुझ्या प्रश्नांचा क्रमही बदलते, कारण पत्रातली सगळ्यांत गंभीर गोष्ट तू ओझरती सांगून पुढे गेला आहेस. सोडून गेलास तर ती स्वतःचं काहीतरी करून घेईल, असं तिने म्हटलंय.

हे खोटं धरू नको. ‘नाटकं करते’ म्हणणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नको. पण केवळ त्या भीतीपोटी तू तिच्याजवळ राहत असशील, तर तू तिथे ओलीस आहेस, तिच्या मनात तसं असो वा नसो. तिचा जीव सांभाळणं हे एकट्या २१ वर्षांच्या पोराचं काम नाही. तिची बहीण पुण्यात आहे ना? या आठवड्यात तिला भेट आणि ते वाक्य जसंच्या तसं सांग. ‘जरा टेन्शनमध्ये असते’ असं गुळमुळीत बोलू नको. तुझी मैत्रीण चिडेल, विश्वासघात म्हणेल. चिडू दे. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही मानसिक आरोग्याची सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास फुकट मिळते, मराठीतही बोलतात. तिने फोन करावाच, पण आधी तू कर आणि अशा वेळी जवळच्या माणसाने काय बोलायचं, काय टाळायचं ते विचारून घे. ती पुन्हा तसं म्हणाली आणि आत्ता, या क्षणी धोका आहे असं वाटलं, तर बहिणीला आणि ११२ ला फोन. रात्री दोन वाजता बाइक काढून एकट्याने समजूत घालायला धावायचं नाही.

आता ॲनिमेकडे वळते. ‘मिराई निक्की’ तुम्ही पाहिलंय हे उघड आहे, पण मला दाट शंका आहे की मालिका एकदा आणि तिचे एडिट, म्हणजे चाहत्यांनी गाणं लावून जोडलेले तुकडे, शंभरदा, असं झालंय. दोन्ही गालांवर हात ठेवून, लाल होऊन, डोळे विस्फारलेली युनो गासाई इंटरनेटवर कोपऱ्याकोपऱ्यात आहे. तेवढंच चित्र बघितलं की प्रेमाचा कळस वाटतो. साकाए एसुनोच्या मांगामध्ये, म्हणजे जपानी चित्रकथेमध्ये (२००६ ते २०१०), आणि २०११ मध्ये सुरू झालेल्या २६ भागांच्या ॲनिमेमध्ये मात्र त्या चेहऱ्यामागे काय आहे ते सगळं सांगितलेलं आहे, आणि ते बघितल्यावर कोणी ‘मी तुझी युनो’ असं लाडाने म्हणेल असं मला वाटत नाही.

आठव जरा. भविष्य सांगणाऱ्या डायऱ्या हातात असलेल्या माणसांचा, शेवटी एकच उरेपर्यंतचा खेळ आहे. नायक युकितेरू, म्हणजे तुला मिळालेल्या नावाचा युकी. त्याच्या फोनमधल्या डायरीत त्याच्या आजूबाजूचं सगळं येतं, फक्त त्याच्या स्वतःबद्दल एक ओळ नसते. युनोच्या डायरीत दर दहा मिनिटांनी युकितेरू काय करतोय एवढंच येतं. दोन डायऱ्या जोडल्या की पूर्ण चित्र होतं, म्हणून मुलं भाळतात. पण नीट बघ, त्या दोन डायऱ्यांत मिळून युनोबद्दल काहीच नाही. त्या मुलीला स्वतःचा दिवसच नाही. असं का, तेही मालिका सांगते. आईवडिलांनी तिला पिंजऱ्यात कोंडून वाढवलं, खाण्यापिण्यावर, अभ्यासावर पहारा ठेवला. तिने एकदा त्यांनाच त्या पिंजऱ्यात कोंडलं, त्यांनाही कळावं म्हणून, आणि ते दोघं त्यातच मेले. अशी मुलगी शाळा सुटल्यावर वर्गात बसलीये, समोर भविष्याच्या स्वप्नांबद्दलचा शाळेचा कोरा कागद आहे. शेजारी युकितेरू, त्याचेही आईवडील वेगळे होतायत. तो म्हणतो, घरच्यांबरोबर तारे बघायला जायचंय. ती म्हणते, मी तुझी बायको होईन. आणि तो पोरगा हसून म्हणतो, मोठे झालो की बघू.

एवढंच. एका पोराने सहज दिलेला शब्द. दुसऱ्या बाजूला ज्याच्याकडे धरायला काहीच नाही अशा माणसाने तो दोन्ही हातांनी धरला. तू तिला गमतीत ‘यांदेरे’ म्हणालास तेव्हा तुझ्यासाठी तो विनोद होता. तिच्यासाठी तो काय होता, हे तू कधी विचारलं आहेस का? दोष द्यायला विचारत नाहीये. तिच्या घरात काय आहे, तिला कोण कोण आहे, याबद्दल तुझ्या एवढ्या लांब पत्रात बहिणीखेरीज एक शब्द नाही. तिला काय आवडतं ते आहे, ती काय करते ते आहे.

आणखी एक. युकितेरू युनोला घाबरतो, आणि तरीही तिच्यापाशीच राहतो, कारण त्या जीवघेण्या खेळात त्याला वाचवणारी तीच आहे. मालिका त्याला सोडत नाही. तो तिचा उपयोग करून घेतो हे मालिका स्पष्ट दाखवते. तूही लिहिलं आहेस की एकटा होतास, हिच्यामुळे कोणीतरी आपलं वाटलं. ते खरं आहे आणि त्यात गैर काही नाही. पण तिला सोडणं जड जातंय ते तिच्या काळजीने किती आणि पुन्हा एकटं पडायच्या भीतीने किती, हा हिशेब एकदा स्वतःशी मांडून बघ. बहिणीशी बोलायला जाण्याआधी मांडलास तर बरं.

तर ‘ॲनिमेमुळे झालं का’ याचं माझं उत्तर नाही असं आहे. मत्सराने पेटलेलं प्रेम जपानी गाण्यांत तू जन्मायच्या कितीतरी आधीपासून आहे. १९८६ मध्ये सायुरी इशिकावाने ‘आमागी गोए’ हे एन्का, म्हणजे जुन्या वळणाचं जपानी भावगीत, गायलं. इझू द्वीपकल्पातला आमागी घाट, जोरेनचा धबधबा, वासाबीच्या वाफ्यांकडे जाणारी आडवाट अशी एकेक जागा येते, आणि त्याआधी सुरुवातीलाच ती बाई विचारते, दुसऱ्या कोणी तुला हिरावून न्यावं, त्यापेक्षा मी तुला मारलं तर चालेल का? हे गाणं कुठल्या भूमिगत बँडचं नाही. एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीच्या ३१ डिसेंबरच्या ‘कोहाकू’ या गाण्यांच्या कार्यक्रमात बाई किमोनो नेसून ते पुन्हा पुन्हा गायल्या आहेत आणि घराघरांत आजी-आजोबांनी ते ऐकलंय. पोटात जे आहे ते कुणाला इजा न करता घाटातल्या वाऱ्यावर सोडून देता येतं, म्हणून तर गाणं. आयम्योन या गायिकेने विशीत, २०१५ मध्ये, प्रियकराच्या शरीराची चिरफाड करण्याच्या धमकीचं गाणं केलं, नावातच ‘मर’ असलेलं. ते ऐकताना हसू येतं आणि काटाही येतो. तिने तुला ही गाणी पाठवली म्हणून मला काळजी वाटत नाही. ती रोज रात्री, न चुकता पाठवते, याची वाटते.

बंदीचं म्हणशील तर तोही प्रयोग जपानने करून झालाय. १७०३ मध्ये ओसाकाच्या सोनेझाकीच्या राईत एक दुकानातला कारकून आणि एक गणिका यांनी एकत्र जीव दिला, आणि थोड्याच दिवसांत नाटककार चिकामात्सूने त्यावर बाहुलीनाट्य रंगमंचावर आणलं. तुफान चाललं. अशा घटना वाढल्याची ओरड झाली, आणि १७२३ मध्ये शोगुनच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्याच्या सरकारने असली नाटकंच बंद केली. वाचलेल्या प्रेमिकांना भर रस्त्यात लोकांपुढे बसवण्याची शिक्षाही ठेवली. ती नाटकं आज पुन्हा दिमाखात चालतात. तेव्हा ‘ते बघणं बंद कर’ हे तिला सांगू नको. आणि जरा विचार कर, तिने काय बघावं हे तू ठरवायला लागलास तर तू तिच्याच वाटेने निघालास की!

आता तुझे मित्र. नशीब लागतं म्हणे. २०१९ च्या मे महिन्यात तोक्योतल्या शिंजुकूमध्ये एका तरुणीने होस्ट क्लबमध्ये (पैसे घेऊन पुरुष बायकांना सोबत करतात असा बार) काम करणाऱ्या एका पोराला सुरा मारला. पोलिसांना म्हणाली, इतकं आवडत होतं की दुसरं काही सुचेना. रक्ताच्या थारोळ्यात तो पडलाय आणि शेजारी ती सिगरेट ओढत फोनवर बोलतेय, असा फोटो फिरला, आणि लोकांनी काय केलं असेल? ‘खरीखुरी यांदेरे’ म्हणून तिची चित्रं काढली. तो पोरगा जगला, तिला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली, आणि ती चित्रं काढणाऱ्यांतल्या एकालाही त्या पोराच्या पोटावरच्या टाक्यांचं काही पडलेलं नव्हतं. तुझे मित्र त्याच रांगेत उभे आहेत, वाईट आहेत म्हणून नाही, फुकटचा तमाशा आहे म्हणून.

गंमत अशी की ॲनिमेमध्ये वेडं प्रेम करणारी बहुतेक वेळा मुलगी दाखवतात, आणि प्रत्यक्ष जपानमध्ये पाठलागाच्या गुन्ह्यांत सापडणारे बहुसंख्य पुरुष असतात. मुलगी दाखवली की प्रकरण गोड वाटतं, हाच तर त्यातला हिशेब. सायतामा प्रांतातल्या ओकेगावामध्ये १९९९ साली एका विद्यार्थिनीचा खून झाला; तिने आणि घरच्यांनी पोलिसांकडे तक्रार केलेली होती, ती कोणी धड घेतली नाही. त्यातून २००० साली पाठलागविरोधी कायदा आला. सोशल मीडियावरून सतत मेसेज करणं त्यात २०१६ मध्ये आलं, आणि परवानगीशिवाय जीपीएसने माणसाचा ठावठिकाणा काढणं २०२१ मध्ये. तो कायदा स्त्री-पुरुष बघत नाही. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ पुरुषाने स्त्रीचा पाठलाग केला तरच लागतं. तुला पोलिसांत जा म्हणत नाहीये. पण हीच गोष्ट उलटी असती, तू तिच्या फोनवरून तिच्या वर्गातल्या पोरांना ब्लॉक करत असतास, तर हेच मित्र तुझ्याबद्दल काय बोलले असते? तू बाऊ करत नाहीस.

तिने ते लोकेशन तुझ्या संमतीने घेतलंय, असं तू म्हणशील. दिली होतीस, खरं आहे. दिलेली संमती परत घेता येते, आणि परत घेतल्यावर समोरचा माणूस कसा वागतो यावर पुढचं सगळं ठरतं. तू बंद केलंस तेव्हा तिने जिवावर बेतण्याची भाषा केली आणि तू पुन्हा चालू केलंस. म्हणजे आज ते तुझ्या संमतीने चालू नाही.

इथे मला ‘स्कूल डेज’ची आठवण येते. २००७ ची बारा भागांची मालिका. शेवटच्या भागाच्या तोंडावर क्योतो प्रांतात एका सोळा वर्षांच्या मुलीने कुऱ्हाडीने वडिलांचा खून केला, म्हणून वाहिनीने तो भाग मागे घेऊन त्या जागी शांत संगीतावर निसर्गदृश्यं दाखवली. त्यातल्या बोटीवरून झालेला ‘नाइस बोट’चा विनोद तुला नक्की ठाऊक असेल. लोकांना त्या दोन मुली आणि शेवटचा रक्तपात आठवतो. मला त्या दोघींना झुलवणारा नायक माकोतो आठवतो. आवडत्या मुलीचा फोटो फोनवर लपवून ठेवण्यापासून त्याची सुरुवात आहे, आणि बारा भागांत हा मुलगा सहसा कुणालाही सरळ ‘नाही’ म्हणत नाही. फोन उचलत नाही, विषय बदलतो, जी समोर असेल तिच्याशी गोड बोलतो. तू माकोतो नाहीस, तुझं दुसरीकडे काही चालू नाही. पण गुपचूप लोकेशन बंद करणं आणि ती ओरडली की चालू करणं, हा त्याचाच धंदा.

म्हणून समोरासमोर बोल. दिवसा, माणसं असतील अशा जागी. जपानी शिकणारी जोडी म्हणजे सिंहगड रोडच्या जपानी पद्धतीच्या पु. ल. देशपांडे उद्यानात फोटो काढून झाले असतीलच, तिथे नको. आठवणी मध्ये येतात. कॉलेजचं कॅन्टीन चालेल. एखादा न हसणारा मित्र जवळपास असू दे, आणि बहिणीला आधी कल्पना दिलेली असू दे, म्हणजे बोलणं संपल्यावर ती एकटी राहणार नाही. बोलायचं थोडक्यात: ‘आपण गमतीत सुरू केलं होतं ते मला आता नको आहे. आज मी लोकेशन बंद करतोय, पासवर्ड बदलतोय, प्रोजेक्टमधल्या मुलीला अनब्लॉक करतोय. तुझा राग नाही. तू जे म्हणालीस त्याची मला भीती वाटली, म्हणून ते मी तुझ्या बहिणीला सांगितलंय.’ तिथेच, तिच्यासमोर बंद कर. ती रडली तर बसून राहा, पण फोन पुन्हा हातात देऊ नको. एकदा दिलास की पुढच्या वेळी दुप्पट रडावं लागतं हे तिला कळतं, आणि यात लबाडी असतेच असं नाही, माणसाचं मन असंच शिकतं.

हे नातं पुढे ठेवायचं की नाही, ते तू विचारलं नाहीस, तरी माझं मत सांगते. आहे तसं ठेवू नको. तिने मदत घेतली, दोन-तीन महिने तुझ्या फोनकडे न बघता गेले, तर पुढचं पुढे. नाही जमलं तर वेगळे व्हा. आणि मग सुटलो म्हणून तिचे स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकून हशा पिकवू नको. ते केलंस तर पुढचं पत्र मी तिचं छापीन.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, पुढे असलं काही बघावं का. बघ, बिनधास्त बघ, फक्त एडिट सोडून पूर्ण भाग बघ. ‘नाना’ पाहिलं नसशील तर तिथून सुरुवात कर. आई याझावा या लेखिकेची मांगा २००९ पासून अर्धवट थांबलेली आहे, तिच्या आजारपणामुळे, पण २००६-०७ ची ४७ भागांची मालिका पुरेशी आहे. त्यात गायिका नानाचा प्रियकर रेन, त्याच्या गळ्यात कुलूप आणि किल्ली नानाकडे, हे सगळ्यांना आवडतं, त्याची पेंडंट विकली जातात. तू रेनच्या बँडमधल्या ताकुमीकडे लक्ष दे. तो ‘तुझ्याशिवाय मरेन’ असलं काही बोलत नाही. शांतपणे, समजूतदार माणसासारखा, दुसऱ्या नायिकेच्या, हाचीच्या आयुष्यातले निर्णय एकेक करून स्वतः घेत जातो, आणि ती त्यात मुरत जाते. यांदेरे लांबून ओळखता येते. ताकुमी ओळखायला कितीतरी भाग जातात, आणि माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत ताकुमीच जास्त असतात. त्यानंतर ‘कुझू नो होनकाई’, २०१७ ची. एकटेपणा टाळायला एकमेकांना धरलेली दोन मुलं आहेत त्यात, तुला बऱ्याच ठिकाणी बोचेल. सातोशी कोनचा ‘परफेक्ट ब्लू’ हा चित्रपटही बघ, पण रात्री नको.

‘हॅपी शुगर लाइफ’ मात्र सध्या राहू दे. एका लहान मुलीला घरात कोंडून ठेवणाऱ्या शाळकरी मुलीची गोष्ट, आणि बरीचशी तिच्याच डोक्यातून सांगितलेली, साखरेच्या रंगांत. ती परीक्षा झाल्यावर बघ.

– ताई